अस्वलाएवढी जागा

इमामभाई दरवेशी रस्त्याच्या मधोमध कधी चालले नाहीत. ते चालायचे उजव्या कडेनं, डाव्या हाताला एका अस्वलाएवढी जागा सोडून. रस्ता पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारातला असो, भोकरदनच्या स्टँडातला असो, नाहीतर मशिदीकडे जाणारी बोळ असो, ती जागा सुटायचीच. डावी मूठ अर्धी मिटलेली, दोरी धरल्यासारखी. थोडं चाललं की थांबायचे, मान वळवून मागे बघायचे, आणि मागचं कोणी दमलेलं नाही अशी खात्री पटल्यासारखे पुन्हा निघायचे. मागे कोणी नसायचं. अस्वल जाऊन वर्षं लोटली होती, जागा तेवढी राहिली होती.

गावानं ती जागा मान्य केली होती. बैलगाडीवाले बैल आवरून घ्यायचे, बाया डोक्यावरची घागर सांभाळत वळसा घालायच्या. एकदा नव्यानं बदलून आलेल्या एका मास्तरांनी नेमकी त्या जागेतून मोटारसायकल काढली. इमामभाई ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "मास्तर, पाय गेला असता ना तिचा." मास्तर घाईघाईनं गाडीवरून उतरले, हात जोडून माफी मागितली आणि निघाले. आपण नेमकी कोणाची माफी मागितली, हा प्रश्न म्हणे त्यांना शाळेत पोचून हजेरी घेताना पडला.

मी मंडपवाला. लग्न, बारसं, सप्ताह, पुढाऱ्याची सभा, काहीही असो, कापड माझं, बांबू माझे आणि भोंगाही माझा. माझ्या बोलण्याबद्दल गावाचं मत चांगलं नाही. मी पाहिलेलं गांडूळ घरी येईपर्यंत अजगर होतं, असं माझी बायको चारचौघांत सांगते. तिचं खरं आहे. पण इमामभाईंबद्दल सांगताना मला फारसं काही वाढवावं लागत नाही, आणि जिथं वाढवीन तिथं तुम्हाला कळेलच.

ज्यांनी दरवेशी पाहिले नाहीत त्यांना सांगतो. दरवेशी म्हणजे अस्वल घेऊन गावोगाव हिंडणारे मुसलमान लोक. अस्वलाच्या नाकात कडी, कडीत दोरी, दोरी दरवेश्याच्या हातात. दारात आले की अस्वल मागच्या पायावर उभं राहायचं, सलाम ठोकायचं. घाबरट पोराला अस्वलाच्या पाठीवर बसवलं की त्याची भीती जाते, असा आमच्याकडे सगळ्यांचा विश्वास, हिंदू असो की मुसलमान. अस्वलाचा केस ताइतात घालून पोराच्या गळ्यात बांधायचे. इमामभाईंच्या वडिलांच्या अस्वलावर मी बसलो होतो, आणि पुढं इमामभाईंच्या रेशमावर माझा पोरगा बसला. मी उतरलो ते कशालाच न घाबरता. तेव्हापासून मी फक्त बायकोला घाबरतो, आणि त्यावर कोणत्याच अस्वलाकडे इलाज नाही.

ती रेशमा. नाव रेशमा, अंगावरचे केस खराट्यासारखे. डावा कान कुत्र्यानं फाडलेला. पण काय तिचा थाट. रसवंतीच्या गुऱ्हाळावर थांबली की बादलीभर रस प्यायची आणि बादली स्वतः जाग्यावर नेऊन ठेवायची. आष्टीच्या बाजारातून एकदा परत येताना अंधार पडला, तर एसटीच्या कंडक्टरनं म्हणे तिला अर्धं तिकीट फाडून मागच्या सीटवर बसवलं होतं; आणि परतूरला उतरेपर्यंत शेजारच्या म्हातारीनं तिला सुनेच्या सगळ्या तक्रारी सांगून टाकल्या. उतरताना म्हातारी म्हणाली, पोरगी काळी आहे पण ऐकून घेते. आमच्या वॉर्डातून रेशमा उभी राहिली असती तर बिनविरोध आली असती. हे मी वाढवून सांगत नाही, तेव्हा उभे राहिलेले दुसरे लोक मी पाहिलेले आहेत.

इमामभाईंना लेकरू नव्हतं. रेशमा हातभर होती तेव्हा त्यांच्या वडिलांनी डोंगराकडच्या कोणाकडून तरी ती आणली आणि इमामभाईंच्या मांडीवर ठेवली. शेळीच्या दुधात बोट बुडवून इमामभाईंनी आणि त्यांच्या बीबीनं ती जगवली. थंडीत त्या दोघांच्या मधे झोपायची. कोणी विचारलं की ही कुठून आणली, तर इमामभाईंची छाती भरून यायची. "मायनं टाकून दिल्ती हिला," ते म्हणायचे. "जंगलात एकटी रडून राह्यल्ती. मायनं टाकली, इमामनं उचलली." हे वाक्य त्यांनी मला किती वेळा ऐकवलं असेल त्याला गणती नाही. दुसरे लोक आपलं घर, शेत, पोराची नोकरी सांगतात, तसं ते हे सांगायचे. त्यांच्याजवळ सांगायला तेवढं एकच होतं, आणि त्यांना ते पुरत होतं.

मग कायदा आला. तसा तो आधीपासूनच होता, आमच्या तालुक्यात उशिरा पोचला. एके सकाळी वनखात्याची गाडी आली, गाडीवर पिंजरा. रेशमा काही केल्या पिंजऱ्यात जाईना. ओढायला चार माणसं लागली तरी पाय रोवून उभी. (मी हे बाजारात सांगतो तेव्हा चौदा माणसं असतात.) शेवटी इमामभाई म्हणाले, तुम्ही व्हा बाजूला. ते स्वतः वाकून पिंजऱ्यात शिरले आणि आत जाऊन बसले. ती त्यांच्या मागोमाग मुकाट्यानं गेली आणि त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून पडली. त्यांनी तिच्या नाकातली कडी काढली, दुसऱ्या बाजूच्या झडपेतून ते बाहेर निघाले, आणि झडप पडली. गाडीतला एक साहेब भला माणूस होता. म्हाताऱ्याकडे बघवेना म्हणून तो म्हणाला, "चाचा, काळजी करू नका. तिला तिच्या माणसांत सोडणार आहोत."

साहेबांच्या मनात अशा अस्वलांना सांभाळतात ती दूरची बंदिस्त जागा असावी. इमामभाईंनी त्याचा अर्थ जंगल असा घेतला. गावात ज्यांना खरं माहीत होतं त्यांनी ते त्यांना सांगितलं नाही. मीही नाही. दात काढलेलं, माणसाच्या हातानं खाणारं अस्वल जंगलात कसं जगेल, असं एकदा कोणीतरी बोलून गेलं, तर इमामभाईच त्याला समजवायला लागले. "वारूळ खायला दात कशाला लागतेत? तोंड लावायचं अन् सुर्रकन ओढायचं. बिलकुल चहावानी."

धंदा गेला तेव्हा मी त्यांना माझ्याकडे घेतलं. जन्म दोरीवर गेलेला माणूस, मंडप बांधायला याच्याहून चांगला कोण मिळणार, असा माझा हिशेब. पहिलंच लग्न बदनापूरजवळ होतं, पार्टी मोठी. अक्षता संपायच्या आधी मंडप पडला. अख्खा. वारा नाही, वादळ नाही, मंगलाष्टकाच्या तिसऱ्या कडव्याला तो हळूच खाली बसला, म्हशीनं बसावं तसा. पाचशे माणसं कापडाखाली, वरून पंखे चालू, आणि भटजी आतूनच पुढचं कडवं म्हणतोय. नवरा-नवरीनं एकमेकांना पहिल्यांदा नीट पाहिलं ते त्याच अंधारात, आणि त्यांचा संसार आजही उत्तम चालू आहे. माझा मात्र त्या दिवशी नवरीच्या बापानं जीवच घेतला असता.

सगळ्या गाठी ढिल्या होत्या. मी चिडून विचारलं, तर इमामभाई मान खाली घालून म्हणाले, "दोरी कसली की नाकाला लागती शेठ. जरा झोल ठेवायचा आसतोय." मी म्हणालो, अहो बांबूला कुठलं नाक? ते आपल्या हाताकडे बघत राहिले. "मला माहीत हाय बांबूत जीव न्हाई. पन ह्या हाताला कोन सांगावं?"

त्यानंतर मी त्यांना गाठी बांधू दिल्या नाहीत. ते खुर्च्या मांडायचे, सतरंज्या झटकायचे, आणि लग्नाला डोंगराकडचं कोणी वऱ्हाड आलं की पंगतीत जाऊन एकेकाला विचारायचे: तुमच्याकडं अस्वलं हायेत का? एखादी मादी दिसती का, डावा कान फाटलेला, नाकात भोक? आमच्या तालुक्याच्या उत्तरेला अजिंठ्याचा डोंगर उभा आहे, तिकडे अस्वलं आहेत. सीताफळाच्या दिवसांत ती खाली शेतापर्यंत उतरतात. कुठे अस्वल दिसल्याची बातमी आली की गाव घरात शिरायचं आणि इमामभाई घरातून निघायचे. बीबी होती तोवर ती त्यांना परत आणायला माणूस पाठवायची. ती गेल्यावर ते आपले आपणच परत यायचे, चिखलानं भरलेले. "ती नव्हती," एवढंच सांगायचे. कधी म्हणायचे, "एक बार दिसली म्हंजे बस. बोलायचं बी न्हाई. चांगली हाय एवढं बघायचं अन् जल्दी वापस यायचं."

तर त्या रात्रीचं सांगतो.

बुद्धपौर्णिमेला वनखात्याचे लोक पाणवठ्याजवळच्या झाडांवर मचाण बांधून रात्रभर जनावरं मोजतात. उन्हाळ्यात बाकी पाणी आटलेलं असतं, त्यामुळे जो तो तिथंच येतो, आणि चांदण्यात दिसतो. सोबतीला हौशी माणसं घेतात. माझा भाचा संतोष तिकडे वनरक्षक आहे. त्याच्या मागे लागून मी दोघांची सोय लावली. संतोषला मी सगळं सांगितलं होतं. तो म्हणाला, "मामा, चाचांना आणा, पण ते खाली उतरले तर माझी नोकरी जाईल."

इमामभाई आले ते ईदचा पांढरा कुर्ता घालून, दाढीला मेंदी, कानात अत्तराचा फाया. संतोषनं कपाळावर हात मारला. मचाणावर मळके कपडे, बोलायचं नाही, विडी नाही, वास नाही. इमामभाईंना ओढ्याच्या डबक्यावर नेऊन अत्तर धुऊन काढलं आणि माझा एक मातकट सदरा घातला. कुर्त्याच्या खिशात गुळाची भाकर निघाली, फडक्यात बांधलेली. संतोषनं ती काढून घेतली तेव्हा मात्र इमामभाई लहान पोरासारखे त्याच्या मागे गेले. "थोडी तरी ठिवा साहेब. ती येऊन राह्यली अन् माझा हात रिकामा, हे बराबर दिसतंय का?"

आम्हाला अंजनाच्या झाडावर चढवलं. झोपेत माणूस पडू नये म्हणून कंबरेला दोरी बांधून खोडाला अडकवतात. संतोषनं इमामभाईंची गाठ जरा जास्तच आवळली आणि मला डोळ्यानं खुणावलं. तो गेला, ऊन गेलं, आणि डोंगराच्या मागून चंद्र वर आला.

गप्प बसायचं होतं. मला. जन्मात एवढी शिक्षा झाली नव्हती. पोटात शब्द साठून साठून मला वाटायला लागलं, आता मी मचाणासकट फुटणार. डास एवढे मोठे की चावायच्या आधी त्यांची सावली पडायची. इमामभाई हलले नाहीत. रोह्यांचा, म्हणजे नीलगाईंचा, कळप आला, पाणी पिऊन गेला. रानडुकरं आली, चिखल करून गेली. एक साळिंदर खुळखुळत आलं, नव्या नवरीसारखं. झुडपात रातवा पक्षी ओरडत होता. इमामभाई माझ्या कानाशी येऊन फक्त एकदाच बोलले. "शेठ, ती आली तर मी उतरनार. तुमी मला धरू नका. तुमची दोस्ती घालून सांगून राह्यलो." त्यांच्या दोरीचं टोक मी माझ्या मनगटाला दोन वेढे देऊन ठेवलं होतं.

चंद्र डोक्यावर आला तेव्हा पलीकडच्या उतारावर लोहाराच्या भात्यासारखा आवाज सुरू झाला. फुंकर, मग ओढ, फुंकर, मग ओढ. वारूळ फुटत होतं. झुडपातून एक अस्वल निघालं. बाजारात सांगताना मी याला हत्तीएवढं करतो. होतं ते मोठ्या गोऱ्ह्याएवढं, नर, छातीवर पांढरा पट्टा. आमच्या झाडापासून अगदी हाकेच्या अंतरावर येऊन पाण्याला तोंड लावलं. इमामभाईंनी माझा हात धरला. ते कान बघत नव्हते. नाक बघत होते.

"साबूत हाय," ते पुटपुटले.

मला आधी कळलं नाही.

"नाक. बघा ना शेठ. कसं गोल हाय, ओलं. कसं हालून राह्यलं." ते दोरी ताणून पुढं वाकले. "अस्वलांत जनम गेला माझा. मोठ्या अस्वलाचं साबूत नाक म्या आज पहिल्यांदा बघितलं."

मग थोड्या वेळानं, माझ्याकडे न बघता, त्यांनी सांगितलं की रेशमाच्या नाकात छेद केला तो वडिलांनी, तापवलेल्या सळईनं. आणि ती हलू नये म्हणून तिला धरलं होतं ते त्यांनी. दुसऱ्या कोणी धरलं असतं तर तिनं फाडून काढलं असतं. त्यांच्या हातात होती म्हणून गप्प राहिली.

नर पाणी पिऊन झुडपात गेला. त्यानंतर मादी आली.

मी आधी पाहिलं ते पाठीवर कुबड आहे असं. मग कुबड हललं. दोन पिल्लं होती, आईच्या खांद्यामागच्या लांब केसांत रुतून बसलेली, चार चार पंजांनी धरून. ती उताराला लागली, दगडावरून खाली आली, पाण्याकडे वाकली, पिल्लं तशीच. एक जरा घसरलं आणि चिखलात पडलं. तिनं पाणी सोडलं. ते चढून पाठीवर नीट बसेपर्यंत ती थांबली, मान वळवून बघत. इमामभाईंच्या तोंडून हसल्यासारखा श्वास निघाला. अशी मान वळवून बघणारा माणूस मी गावात रोज पाहत होतो.

तेवढ्यात तो नर परत आला.

पुढं जे झालं ते मी वाढवू शकत नाही, कारण त्याहून मोठं मला सुचत नाही. ती मागच्या पायांवर उभी राहिली, पिल्लं पाठीला लोंबकळलेली, आणि तिनं जो आवाज काढला त्यानं मचाणाचे बांबू माझ्या बुडाखाली थरथरले. नर तिच्या दुप्पट. तो अंगावर आला. ती मागे सरली नाही. दोघं भिडली, चिखल उडाला, काय कोणाचं हे कळेना, आणि त्या सगळ्या रगड्यात मला दिसत होती ती तिच्या पाठीवरची दोन काळी डोकी, केसांत तोंड खुपसलेली. ती पाठ तिनं त्याच्याकडे एकदाही केली नाही. शेवटी नर कुरकुरत मागे वळला आणि उतार चढून गेला. ती लंगडत होती. तिनं एका पिल्लाला हुंगलं, मग दुसऱ्याला, मग पुन्हा पहिल्याला. मग पाणी प्यायली, आणि जशी आली तशी पाठीवर बिऱ्हाड घेऊन गेली.

पाण्यावरचा चंद्र पुन्हा स्थिर झाला तरी इमामभाई ती गेली त्या उताराकडेच बघत होते. मला वाटलं, रेशमा आली नाही म्हणून उदास झाले असतील.

"शेठ," ते म्हणाले. "ही लेकरू टाकंल का?"

मला तत्काळ समजलं ते काय विचारताहेत. आणि मी जे आयुष्यभर केलं तेच केलं, फक्त या वेळी माझा जीव ओतून. मी सांगायला लागलो. दुष्काळाचं साल होतं, मी म्हणालो, पाणी कुठेच नव्हतं. रेशमाची आई पाणी शोधत एका पडक्या विहिरीवर आली, पिल्लू काठावर ठेवलं आणि आत उतरली, तोच दरड तिच्यावर कोसळली. मी विहिरीचं नाव सांगितलं, शेतमालकाचं आडनाव सांगितलं, काठावरचा उंबर सांगितला. पिल्लू तीन दिवस त्या काठावर रडत होतं, मी म्हणालो, म्हणून तर लोकांना वाटलं की आईनं टाकलं. तुमच्या वडिलांनी ते ऐकलं आणि त्यांच्या काळजाला पाझर फुटला. मी माझ्या हयातीत इतकं सुंदर खोटं कधी बोललो नव्हतो.

त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"लई चांगलं सांगता शेठ तुमी. पन आज नक्को."

खाली पाण्यावर काहीतरी प्यायला आलं होतं. आम्ही दोघांनीही पाहिलं नाही.

"हिला मारल्याबिगर हिच्या पाठीवरचं लेकरू कोनाच्या हाताला लागत न्हाई," इमामभाई म्हणाले. "अब्बाला माहीत असंल. ज्यानं आनून दिलं त्याला तर माहीतच होतं. अन् मी जिंदगीभर सगळ्या दुनियेला सांगत हिंडलो, मायनं टाकली, मायनं टाकली. तिच्यासमोर सांगायचो शेठ. ती शेजारी उभी राहून ऐकायची."

ते रडले नाहीत. रडले असते तर बरं झालं असतं. सकाळी संतोष आला, त्यानं विचारलं काय काय दिसलं. मी अस्वलं चारच सांगितली, दोन मोठी, दोन पिल्लं. इमामभाईंना कंबरेची गाठ सोडता येईना. बोटं नुसती तिच्यावर फिरत होती. ती संतोषनं सोडली.

त्यानंतर त्यांनी रेशमाबद्दल पंगतीत कोणाला विचारलं नाही. डोंगराकडून बातमी आली तरी ते सतरंज्या झटकत राहायचे. रस्त्यानं चालताना जागा सुटायची अजून, थांबायचेही, मागे मात्र बघायचे नाहीत. एकदा मीच म्हणालो, या वर्षी पुन्हा जाऊ मचाणावर, कदाचित भेटेल. ते म्हणाले, "आता ती भेटू नये शेठ. कोनत्या तोंडानं बघू तिच्याकडं?"

मला ते सहन होईना. मी संतोषला कामाला लावलं. त्यानं कुठे कुठे फोन केले, आणि बऱ्याच दिवसांनी कळवलं की दूर दक्षिणेकडे दरवेश्यांची अस्वलं सांभाळतात अशा एका जागी एक म्हातारी मादी आहे. डावा कान फाटलेला, आमच्याच भागातून गेलेली. मी धावत त्यांच्या खोलीवर गेलो. जंगलात नाही, मी सगळं खरं सांगितलं, पण जिवंत आहे, नाकात दोरी नाही, खायला मिळतं, झाडं आहेत. चला, मी गाडी करतो, आपण जाऊ. त्यांनी दोरीचं मला दोनदा विचारून घेतलं. जायला नाही म्हणाले.

तोवर त्यांची छाती बिघडली होती. खोकला सुरू झाला की भिंतीला धरून उभे राहायचे. रोजे सुरू झाले तेव्हा ते होते, ईद त्यांनी पाहिली नाही. त्यांना पुरलं त्या दिवशी गावातली जेवढी माणसं आली त्यांतली निम्मी लहानपणी त्यांच्या अस्वलावर बसलेली होती. माझा पोरगा शहरातून आला. त्याची भीती अजून गेलेली नाही असं त्यानं मला त्या दिवशी सांगितलं, आणि आम्ही दोघं कबरस्तानाच्या भिंतीला टेकून बराच वेळ उभे राहिलो.

पण मला सांगायचं आहे ते त्याच्या आधीचं. ते जायला तयार नव्हते म्हणून मी संतोषकरवी तिकडच्या रखवालदाराशी बोललो आणि एका दुपारी माझ्या फोनवर त्याला व्हिडिओवर घेतलं. इमामभाई खाटेवर पडले होते. मी फोन त्यांच्या समोर धरला. त्यांना आधी काही सांगितलं नव्हतं, सांगितलं असतं तर त्यांनी भिंतीकडे तोंड केलं असतं. फोनमध्ये हिरवं काहीतरी हललं, मग एक लाकडी ओटा दिसला, आणि त्या ओट्यावर कुशीवर झोपलेलं एक अस्वल. तोंडाशी पांढरं झालेलं. फाटका कान वर.

इमामभाई उठून बसले. कसे बसले मला माहीत नाही, त्या आठवड्यात ते पाणीसुद्धा पडूनच प्यायचे.

तिकडून रखवालदार मोठ्यानं म्हणाला, "आवाज दो चाचा. बुलाओ नाम लेके. ये लोग भूलते नहीं।"

इमामभाईंचं तोंड उघडलं. मी त्यांच्या ओठांकडे बघत होतो; नाव तिथं आलेलं होतं, मला ते दिसलं. इतक्या वर्षांत ज्यासाठी डोंगर पालथा घातला ते त्यांच्या हातभर समोर होतं. आणि त्यांनी दोन्ही हात उचलून आपल्या तोंडावर दाबून धरले.

खोकला येत होता. तोही त्यांनी हातांच्या आत दाबला. डोळ्यांतून पाणी बोटांवर उतरत होतं. मी कळवळून म्हणालो, बोला ना इमामभाई, एकदा बोला, ओळखेल ती. त्यांनी मान हलवली. बऱ्याच वेळानं एक बोट बाजूला केलं आणि मला जेमतेम ऐकू येईल असं म्हणाले,

"झोपली हाय शेठ. माझा आवाज आला की उठंल ती. उठून यायचं, दुसरं म्या तिला काईच शिकवलं न्हाई."

तिकडे रेशमानं कूस बदलली. एक पंजा तोंडावर घेतला. रखवालदार विचारत होता, चाचा, सुनाई दे रहा है क्या? आम्ही उत्तर दिलं नाही. एक म्हातारं अस्वल झोपलेलं आम्ही दोघं बघत राहिलो, रखवालदाराचा हात दुखून चित्र हलायला लागेपर्यंत. मग इमामभाईंनी तोंडावरचा एक हात काढून मला खूण केली की आता बंद करा. आणि बोट ओठावर ठेवून दुसरी खूण केली, की हळू.